पट्टीकाकूंची चार बोटं

सकाळी आठ, दुपारी बारा आणि संध्याकाळी पाच. या तीन वेळांना पट्टीकाकू नदीच्या पायऱ्या उतरतात, शेवटच्या कोरड्या पायरीवर उभ्या राहतात आणि पाण्यात रोवलेल्या मोजपट्टीकडे डोळे बारीक करून बघतात. वहीत आकडा लिहितात. मग मागे वळून, बांधापलीकडे गाढ झोपलेला माणूसही उठून बसेल अशा आवाजात तो आकडा गावाला सांगतात.

“तीन मीटर बेचाळीस.”

एवढंच. पण हे तीन शब्द त्या अशा टाकतात की रंगमंचावर राजाचा दूत आला असावा. बांधाखाली न्हाव्याचं दुकान आहे. काकूंचा आवाज आला की तो वस्तरा बाजूला ठेवतो, गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालावरचा फेस तसाच सोडून बाहेर येतो आणि दारावरच्या फळ्यावर खडूने आकडा लिहितो. गिऱ्हाईक कुरकुरत नाही. नदीचा आकडा फळ्यावर चढल्याशिवाय उरलेली अर्धी दाढी होणार नाही, हे त्यालाही माहीत असतं. मग काकू पायऱ्यांवरच्या खोलीत जाऊन जिल्ह्याच्या कचेरीला फोन लावतात, तोच आकडा पुन्हा सांगतात, तिथला कारकून तो लिहून घेतो, आणि नदीचं त्या वेळेपुरतं काम संपतं.

सत्तावीस वर्षं हे असंच चाललं होतं. त्याआधी एकतीस वर्षं काकूंचे सासरे, म्हणजे मामंजी, हेच काम करत. काकू लग्न होऊन आल्या तेव्हा मामंजींची नजर अधू व्हायला लागली होती. सून तिसऱ्या दिवशी पायऱ्यांवर त्यांना चहा द्यायला गेली, त्यांनी विचारलं, “पट्टीवर काय दिसतंय गं?” तिने सांगितलं. मामंजी खूश झाले. त्या दिवसापासून चहा न्यायचं काम सायकलदुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या नवऱ्याकडे आलं आणि पट्टी बघायचं सुनेकडे. नवरा अजून लोकांना सांगतो, की मी लग्न केलं ते बायको मिळावी म्हणून, पण मिळाली ती नदीला. आमच्याकडे भांडायचं झालं तरी आठ, बारा आणि पाच सोडून भांडावं लागतं.

मामंजींनी सुनेला सगळं शिकवलं. लाट ओसरेपर्यंत थांबायचं आणि मगच वाचायचं. पट्टीला शेवाळ चढलं की घासायचं. पूर चढताना दर तासाला बघायचं. आणि या सगळ्याच्या शेवटी, इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून त्यांनी आणखी एक गोष्ट शिकवली. त्यांच्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी नदी चढत होती. त्यांनी पट्टीवर जे दिसलं तेच, अगदी काट्यावर, सांगितलं. पण निरोप पोचेपर्यंत, लोकांनी गाद्या-गोधड्या उचलेपर्यंत पाणी चार बोटं आणखी वर आलं होतं, आणि त्या चार बोटांनी अख्खी खालची आळी भिजवली. आपण सांगेपर्यंत पाणी थांबून राहत नाही, मामंजी म्हणाले. म्हणून आकडा वाचायचा, मनातल्या मनात पट्टीवर चार बोटं आडवी धरायची आणि वरच्या बोटापाशी जे दिसेल ते सांगायचं.

सुनेने विचारलं होतं, की पाणी उतरत असेल तरी?

“पाण्याला कळलं पाहिजे, आपण त्याच्या पुढे आहोत,” मामंजी म्हणाले.

हे काही शास्त्र नव्हतं. पण सासऱ्यांनी इतक्या विश्वासाने दिलेली गोष्ट, दागिन्याच्या डबीसारखी, काकूंनी सांभाळून ठेवली. सत्तावीस वर्षं, दिवसातून तीनदा, काकूंनी नदीला चार बोटं जास्त दिली. कोणाला सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही, कारण त्याच्या दुकानात पंक्चर काढेपर्यंत बसलेल्या माणसाला तो सगळं सांगतो.

आता या खालच्या आळीविषयी. बांधाच्या आडोशाला एकेचाळीस घरं, त्यातलं एक काकूंचं. खाली दोन खोल्या, वर मोकळी गच्ची. काकूंची लेक परिचारिका. तिची बदली त्या वर्षी गावातल्याच दवाखान्यात झाली होती. जावयाचं काम घरबसल्या व्हायचं, तेव्हा तोही येणार होता, आणि मुख्य म्हणजे सात महिन्यांचं बाळ येणार होतं. काकूंनी नातवाला आतापर्यंत दोनदा बघितलं होतं, तेही पाहुण्यासारखं, बॅग दाराशी ठेवून. आता गच्चीवर एक ऐसपैस खोली बांधायची, लेकीने तिथे संसार मांडायचा, असं ठरलं. गवंडी बघितला. खिडक्या कुठे, यावरून नवरा-बायकोचं रीतसर भांडणही झालं, दुपारी दोनला. आणि नगरपालिकेने सांगितलं, की परवानगी मिळणार नाही.

कारण साधं होतं. त्या वर्षी सगळ्या नदीकाठाची नव्याने पाहणी चालली होती. मोठ्यात मोठा पूर आला तर पाणी कुठवर चढेल, बांध त्याच्यापेक्षा पुरेसा उंच आहे का, हे मोजायचं. बांध पुरला तर आळी सुरक्षित. नाही पुरला तर आळी पूररेषेच्या आत, म्हणजे नवी वीटसुद्धा लावायची नाही, आणि हळूहळू लोकांनी दुसरीकडे घरं बघायची. निकाल लागेपर्यंत सगळी बांधकामं बंद.

पाहणीला आली ती एक तरुण इंजिनिअर. पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, गळ्यात शिट्टी, आणि तीन पायांची दुर्बीण खांद्यावर अशी टाकलेली, जणू लहान भावंडाला खेळायला घेऊन निघाली आहे. आळीने तिचं नाव मॅडम ठेवलं आणि तासाभरात तिला तीन घरचा चहा पाजला. चौथ्या घरी तिने हात जोडले. पाच दिवस ती बांधावरून फिरली. दर वीस पावलांवर बांधाची उंची घेतली, मातीत सळई खुपसून बघितली, उंदरांची बिळं मोजली. काकू मागोमाग. कुठल्या साली कुठे माती खचली, कुठे भर घातली, कुठल्या बिळात उंदीर आणि कुठल्यात खेकडा, हे त्यांना तोंडपाठ. मॅडम लिहून घेत होती आणि मधूनच म्हणत होती, काकू, तुम्ही आमच्या कचेरीत का नाही?

सहाव्या दिवशी ती पायऱ्यांवरच्या खोलीत बसून जुन्या वह्या चाळायला लागली. अठ्ठावन्न वर्षांच्या वह्या. एक दिवस चुकलेला नाही. मॅडमने पान उलटता उलटता एकदम मान वर केली. अशा नोंदी तिने कुठे बघितल्या नव्हत्या, ती म्हणाली. बाकी गावांत रविवारी नदी वाहतच नाही. तिने ठरवलं होतं, की अहवालात या वह्यांचा वेगळा उल्लेख करायचा, इतर गावांना नमुना म्हणून दाखवायच्या.

काकू तेव्हाच चहाचं निमित्त काढून खोलीबाहेर पडल्या.

दोन दिवसांनी हिशेब झाला. न्हाव्याच्या दुकानासमोर बाकावर बसून मॅडमने आळीच्या लोकांना समजावून सांगितलं, आणि ती चांगलं समजावत असे. वह्यांवरून मोठ्यात मोठ्या पुराचा आकडा निघतो. त्यावर एक मीटर जागा बांधाला राखीव ठेवावी लागते, लाटांसाठी, चुकांसाठी, न सुचलेल्या गोष्टींसाठी. तेवढी धरून बांध नऊ मीटर अठ्ठ्याहत्तर हवा. आहे नऊ सत्तर.

“आठ सेंटीमीटरने कमी पडतोय,” ती म्हणाली. “मलाच बरं वाटत नाहीये सांगताना.”

आळीतला नावाडी म्हणाला, की आठ सेंटीमीटर माती तर आम्ही रविवारी टाकतो. मॅडमने मान हलवली. आळीपुरती नाही, सव्वा मैलाचा बांध दोन्ही अंगांनी रुंद करत उंच करायचा, आराखडा, मंजुरी, निविदा. पाच वर्षं तरी. तोवर आळी रेषेच्या आत. आठ दिवसांनी ती अहवाल पाठवणार होती.

अर्धी दाढी झालेला माणूससुद्धा आरशात न बघता बसून राहिला. काकूंनी पाचचा आकडा नेहमीपेक्षा हळू सांगितला, तर न्हाव्याने आतून विचारलं, की बरं नाही का?

घरी येऊन काकूंनी शिवणाच्या डब्यातली टेप काढली. डावा हात टेबलावर ठेवला, चार बोटं जुळवली, मोजली. सात सेंटीमीटर. पुन्हा मोजली, बोटं जरा फुगवून. सातच. त्यांनी टेप गुंडाळून ठेवली. म्हणजे सगळं सांगून टाकलं तरी आळी एका सेंटीमीटरने बुडणारच. आळी वाचणार नाही आणि आपली मात्र शोभा. शिवाय मामंजींची. नमुना म्हणून दाखवायच्या वह्या खोट्या निघणार, सत्तावीस वर्षं गावाला खोटं ओरडून सांगितलं असं होणार. गप्प बसणं सोपं होतं. काकू दोन दिवस गप्प बसल्या. हे घरात इतकं अघटित होतं, की नवऱ्याने विचारलं, “अगं, तुझी नदी आटली की काय?”

त्यांना बोलतं केलं ते एका खडकाने.

तिसऱ्या दिवशी मॅडम सामान बांधत होती, काकू तिला दोऱ्या गुंडाळून देत होत्या, आणि बोलता बोलता मॅडमने कचेरीतली एक गंमत सांगितली. वरच्या गावात एक मोजपट्टी आहे, खालच्या गावात एक. दोन्हींचा मेळ बरोबर बसतो. मधल्या या गावात मात्र पाणी नेहमी थोडं जास्त उभं राहतं. वर्षानुवर्षं. कचेरीतल्या साहेबांनी त्यावर मोठा विचार केला आहे. त्यांचं ठाम मत, की पट्टीच्या खालच्या अंगाला नदीच्या तळाशी एक खडक असणार, त्याला अडून पाणी वर येतं. साहेबांनी त्यावर चाळीस पानी लेख लिहिला आहे, नकाशासकट. खडक रंगवलासुद्धा आहे.

“आणि आता पुढच्या महिन्यात पाणबुडे येणार आहेत,” मॅडम म्हणाली. “खडक शोधायला.”

काकूंच्या हातातली दोरी थांबली. त्यांच्या डोळ्यांसमोर ते पाणबुडे आले. कोणाची तरी पोरं, या गढूळ पाण्यात, त्या भोवऱ्याजवळ, नसलेला दगड चाचपडत. त्यांनी दोरी खाली ठेवली. साडी नीट केली. घसा साफ केला.

“मॅडम,” त्या म्हणाल्या, “तो खडक मी आहे.”

मॅडम हसली. मग काकू हसत नाहीत हे बघून थांबली.

काकूंनी सगळं सांगितलं. मामंजींचं पहिलं वर्ष, भिजलेली आळी, चार बोटं, मनातल्या मनात. टेपने मोजलं ते पण सांगितलं, सात भरतात, त्यामुळे आळीचा काही फायदा नाही हे मला ठाऊक आहे, पण त्या पोरांना पाण्यात पाठवू नका. माझी नोकरी घ्यायची तर घ्या. फक्त वह्यांवर मामंजींचं नाव आहे, ते खोडू नका.

मॅडमने खाली बसकण मारली. तिने काकूंच्या हाताकडे बघितलं. मग तिने सामानात बांधलेला कॉम्प्युटर सोडला, उघडला, काहीतरी शोधलं आणि पडदा काकूंकडे वळवला. एक रेघ होती. डावीकडून जवळजवळ सरळ येत होती, मध्येच एका ठिकाणी पायरी उतरल्यासारखी खाली येत होती आणि पुन्हा सरळ जात होती. वरच्या-खालच्या गावांपेक्षा इथलं पाणी किती जास्त, त्याची ती रेघ. पायरीच्या अलीकडे नऊ सेंटीमीटर. पलीकडे सात.

“साहेब म्हणतात, इथे खडक झिजला,” मॅडम म्हणाली. “कुठलं वर्ष आहे बघा.”

काकूंनी बघितलं. त्यांच्या नोकरीचं पहिलं वर्ष.

पुढचं मॅडमने बोटांवर मोजत सांगितलं. ज्या मोठ्या पुरावरून सगळा हिशेब निघाला तो काकूंच्या काळातला नाहीच. तो पस्तीस वर्षांपूर्वीचा, मामंजींनी नोंदवलेला. तिथे काकूंची बोटं चालणार नाहीत. तिथे मामंजींची हवीत. रेघ नऊ म्हणते. पण रेघेतून साहेब खडक काढतात, मला बोटं काढायची तर काहीतरी दाखवावं लागेल. मामंजींच्या हाताचं काही माप आहे का?

मामंजींना जाऊन चोवीस वर्षं झाली होती. काकू धावतच दुकानात गेल्या आणि नवऱ्यासमोर सगळं ओतलं. त्याने ऐकलं, पाना खाली ठेवला आणि पहिली गोष्ट विचारली, की बाबांनी हे तुला सांगितलं आणि मला नाही? मग तो मोठ्याने हसला आणि हसता हसता डोळे पुसायला लागला. दहा मिनिटांत तो पायऱ्यांवर मॅडमसमोर होता, मागोमाग दीरही आले. भाऊजींचं म्हणणं, बाबांचा हात माझ्यासारखा. त्यांनी हात पुढे केला. मॅडमने मोजला, साडेआठ. नवरा म्हणाला, हा धाकटा लहानपणापासून बाबांसारखा असल्याचं सांगत आलाय, बाबांचा हात माझ्यासारखा होता. त्याचा मोजला, ग्रीससकट, साडेनऊ.

“वहिनी, तुम्ही सांगा,” भाऊजी म्हणाले. “बाबांनी कानाखाली कुणाला जास्त वाजवल्यात? मला. मला माहीत नसणार त्यांची बोटं?”

यावर दोघं भाऊ असे जुंपले, की बांधावर माणसं जमली. आणि जमल्यावर त्यांना भांडणाचं कारण कळलं. काकू पायरीवर डोकं धरून बसल्या. व्हायचं ते झालं होतं, गावाला कळलं होतं. न्हावी पुढे आला, त्यांच्या शेजारी बसला आणि म्हणाला, “काकू, तुम्ही हे त्यांना सांगितलं नव्हतं?”

“कुणाला?”

“कचेरीला. चार बोटांचं.”

काकूंना कळेना. न्हाव्याने डोकं खाजवलं. त्याच्या वडिलांनी त्याला फळ्यावर लिहायला शिकवलं तेव्हाच सांगितलं होतं, की लिहायचा तो आकडा पट्टीवाल्याचा आणि धरायचा तो चार बोटं कमी. नावाडी म्हणाला, माझी नाव कुठे टेकते ते मी रोज बघतो. पहिल्या आठवड्यातच हिशेब बसला. मागून कुणी म्हणालं, आमच्या घरात तर पोरंसुद्धा वजा करतात. अख्खं गाव अठ्ठावन्न वर्षं मनातल्या मनात चार बोटं वजा करत होतं. आधी मामंजींना, मग काकूंना वाईट वाटू नये म्हणून कोणी बोलत नव्हतं. ठाऊक नव्हतं ते फक्त सरकारला.

काकूंनी तोंडाला हात लावला. मग त्यांना हसू फुटलं, आणि ते असं फुटलं, की पाचचा आकडा सांगायला त्यांना सहा मिनिटं उशीर झाला. वहीत तशी नोंद आहे.

मामंजींचा हात सापडला तो काकूंनाच. बांधातून आळीचं सांडपाणी नदीत सोडणारी एक झडप आहे. आता तिला लोखंडी चाक आहे, पण मामंजींच्या काळी लाकडी दांडा होता. पूर आला की तो दाबून धरत झडप बंद करायची, उतरला की उघडायची. त्यांनी नोकरी सोडली त्याच वर्षी चाक बसलं आणि दांडा अडगळीत गेला. काकूंनी खोलीच्या मागची अडगळ उपसली, तुटक्या बादल्या, जुने कंदील, आणि खालून तो दांडा ओढून काढला. एकतीस वर्षांच्या पकडीने त्याच्यावर चार खळगे पडले होते, गुळगुळीत, एकाशेजारी एक. काकूंनी आपला हात त्यात ठेवला. चार बोटं खळग्यांत बसून वर जागा उरली.

मॅडमने माप लावलं. कडेपासून कडेपर्यंत नऊ सेंटीमीटर, एक केसभर जास्तच.

भाऊजी म्हणाले, “साडेआठ आणि साडेनऊच्या मध्ये.” नवरा म्हणाला, “म्हणजे दोघांसारखा.” पुन्हा भांडायला काही उरलं नाही म्हणून दोघांनी एकेक विडी पेटवली.

बाकी कागदोपत्री काम मॅडमने केलं, आणि ते सोपं नव्हतं. तिने तीन आठवडे पट्टीजवळ एक यंत्र लावून ठेवलं, दर तासाला आपोआप पातळी टिपणारं, आणि काकूंना सांगितलं, की नेहमीसारखंच वाचा, काही बदलू नका. यंत्र आणि काकू यांच्यात रोज तिन्ही वेळा सातचा फरक निघाला. एकदाही सहा नाही, एकदाही आठ नाही. मॅडम म्हणाली, की यंत्र तरी कधीमधी चुकतं. जुन्या वह्यांत एकाच नोंदीचा मेळ बसेना. एका दुपारच्या बाराच्या आकड्यात तब्बल एकवीसचा फरक होता. काकूंनी तारीख बघितली आणि नवऱ्याकडे बोट दाखवलं. लेक जन्मली तो दिवस. काकू दवाखान्यात होत्या, पट्टी याने वाचली होती.

“मी आनंदात होतो,” तो म्हणाला. “नदीसुद्धा असेल, असं वाटलं.”

निघायच्या आधी मॅडम काकूंबरोबर पायऱ्यांवर बसली. रागावली नाही, पण बोलली स्पष्ट. तुम्ही काळजीपोटी चार बोटं वाढवता. तुमचा आकडा घेणारा काळजीपोटी आणखी चार वाढवतो. त्याच्यावरचा आणखी. शेवटी खरं पाणी कुठे आहे ते कुणालाच कळत नाही, आणि काळजीचं ओझं पडतं कुणावर, तर या एकेचाळीस घरांवर. आणि उद्या खरंच पूर आला, तर गाव तुमच्या आकड्यातून बोटं वजा करत बसेल.

“काळजीसाठी आम्ही एक मीटर वेगळा धरलाय, काकू. तुम्ही नुसतं पाणी सांगा.”

काकूंना हे पटायला वेळ लागला नाही, जमायला लागला. पहिल्या सकाळी त्या पट्टीसमोर उभ्या राहिल्या, तीन मीटर एकोणीस दिसत होतं, आणि तोंडातून एकोणीस निघेना. जणू पाहुण्याच्या ताटात मोजून वाढतोय. तेवढ्यात न्हाव्याने बांधावरून डोकावून विचारलं, की आज सुट्टी का? मग त्यांनी एका दमात सांगून टाकलं. न्हाव्याने फळ्यावर लिहिलं आणि खाली ठळक अक्षरात जोडलं: आजपासून वजा करू नये. तरी लोक आठवडाभर करतच होते. नावाड्याने दोनदा पाणी कमी धरून नाव काठापासून लांबच थांबवली आणि दोन्ही वेळा काकूंनाच बोल लावला.

अहवाल महिन्याभराने आला. नगरपालिकेच्या पायऱ्यांवर भाऊजींनी तो मोठ्याने वाचला, कारण त्यांना तसं वाचायला आवडतं. मोठ्या पुराचा आकडा नऊ सेंटीमीटरने खाली. बांध हवा नऊ एकोणसत्तर, आहे नऊ सत्तर. आळी पूररेषेच्या बाहेर. पुढे मॅडमने लिहिलं होतं, की एका सेंटीमीटरवर कोणी निवांत झोपू नये, सवडीने बांध अर्धा फूट चढवावा, बिळं बुजवावीत, आणि तोवर आळीने पावसात दिवसरात्र पाळी लावावी. आणि तक्त्याखाली, बारीक अक्षरात, दुरुस्त्यांच्या यादीत एक ओळ होती, जी भाऊजींना तीनदा वाचावी लागली: ‘निरीक्षकांची चार बोटे, पहिले निरीक्षक नऊ सें.मी., दुसऱ्या निरीक्षक सात सें.मी.; दोन्हींत अठ्ठावन्न वर्षांत सातत्य.’ पाणबुडे रद्द झाले. साहेबांनी खडकावरचा लेख मागे घेतला नाही, पण पुढचा भाग लिहिला नाही.

परवानगीचा कागद हातात पडला त्याच दुपारी गवंडी गच्चीवर चढला. वाळू आली, विटा आल्या. आळीतली इतर सहा बांधकामंही सुरू झाली, त्यामुळे गवंड्याला दिवसातून सहा जण हाक मारायचे आणि तो कुणालाच ओ देत नसे. भिंती उभ्या राहिल्या, छप्पर चढलं. दारं-खिडक्या बसायच्या होत्या, जिन्याला कठडा नव्हता, आणि लेकीला थांबवेना. ती टेम्पोत सामान घालून येऊन थडकली, बाळ कडेवर, जावई मागे कपाट धरून.

सगळं सामान वर गेलं, पाळणा जाईना. लाकडी, मोठा, जावयाच्या आजीचा. जिन्याच्या वळणावर तो असा अडकला, की ना खाली येईना ना वर. चौघांनी चार सल्ले दिले. गवंडी म्हणाला, भिंत फोडू? काकू त्याच्याकडे अशा बघायला लागल्या, की त्याने छिन्नी मागे लपवली. शेवटी नावाड्याने दोर आणला, पाळणा हळूहळू खाली उतरवला, अंगणात आणून बांधला, आणि खिडकीच्या मोकळ्या चौकटीतून वर ओढायचं ठरलं. वर नवरा आणि भाऊजी दोर धरून, खाली न्हावी पाळण्याला दिशा देत, आणि मध्ये, बिनकठड्याच्या जिन्यावर, काकू हुकूम सोडत. डावीकडे. थांबा. आता सोडा. सोडा म्हटलं की ओढताय काय? सगळी आळी माना वर करून बघत होती. बाळ तेवढा वेळ मॅडमच्या कडेवर होतं. ती पट्टीजवळच राहिलेलं यंत्र काढून न्यायला म्हणून आली होती आणि अडकली होती. त्याने तिची शिट्टी तोंडात घातली होती आणि प्रत्येक हिसक्याला ती वाजत होती.

पाळणा चौकटीतून आत गेला, तसा खालून एकच गलका झाला. दोघं भाऊ एकमेकांच्या पाठीत थापट्या मारत खाली बसले. काकू वर चढल्या. खोली रिकामी, कोरी, सिमेंटच्या वासाने भरलेली. खिडकीतून बांध दिसत होता, बांधापलीकडे नदी, दुपारच्या उन्हात आळसावलेली. लेकीने पाळणा भिंतीशी सरकवला, भिंतीला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

“आई, भिंत ओली आहे गं.”

काकूंनी तळवा भिंतीवर टेकवला. थंडगार होती. गवंड्याने सकाळीच पाणी मारलं होतं.

“असू दे,” त्या म्हणाल्या. “ही गवंड्याची ओल आहे, नदीची नाही. चार दिवसांत वाळेल.”